पहिली तीस वर्षं: आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास अभ्यासक कसा शोधतात

येशूला वधस्तंभावर चढवलं गेलं ते इ.स. ३० किंवा ३३ च्या सुमारास. इ.स. ६४ मध्ये रोम जळालं आणि सम्राट नीरोने त्याचा आळ ज्यांच्यावर घातला, ते लोक तोवर राजधानीत 'ख्रिस्ती' म्हणून ओळखले जात होते. गालीलातल्या खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या एका उपदेशकाचे मूठभर अनुयायी तीस-पस्तीस वर्षांत साम्राज्याच्या राजधानीपर्यंत पोचले कसे? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर कसं शोधतात हे दाखवण्यासाठी आहे. हातात मराठी बायबल, एक वही आणि थोडा धीर असेल तर यातल्या बऱ्याच पायऱ्या घरी बसून चढता येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. येशू देवाचा पुत्र होता की नाही, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. तो पुन्हा उठला अशी शिष्यांची श्रद्धा होती का, ती केव्हापासून दिसते आणि कोणी कोणाला सांगितली, हे मात्र तपासता येतं. त्यामुळे श्रद्धाळू ख्रिस्ती, यहुदी (ज्यू) आणि निरीश्वरवादी अभ्यासक एकाच टेबलावर बसून हे काम करतात. तपासाची रीत सगळ्यांची सारखीच असते.

पायरी १: ग्रंथ काळाच्या क्रमाने लावा

नवा करार (बायबलचा ख्रिस्ती भाग) उघडला की पहिलं येतं मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कहाणी सांगणारा ग्रंथ. वाचक तिथूनच सुरुवात करतो आणि चूकही तिथेच होते, कारण ग्रंथांचा छापील क्रम हा लेखनाचा क्रम नाही. सर्वांत जुनं लेखन पौलाच्या पत्रांत आहे. पौल हा येशूच्या मृत्यूनंतर त्याचा अनुयायी झालेला यहुदी प्रचारक. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र इ.स. ५० च्या आसपासचं आहे. त्यानंतरच्या सातआठ वर्षांत गलतीकरांस, करिंथकरांस दोन, फिलिप्पैकरांस, फिलेमोनाला आणि रोमकरांस ही पत्रं लिहिली गेली असं सर्वसाधारणपणे मानतात. पौलाच्या नावावर १३ पत्रं असली, तरी जवळजवळ सगळे अभ्यासक निःशंकपणे त्याची मानतात ती ही सातच. उरलेल्यांबद्दल शंका का? तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र वाचा. त्यात अध्यक्ष कसा असावा, सेवक कसे असावेत, विधवांच्या यादीत कोणाचं नाव घालावं, याचे नियम आहेत. करिंथच्या पत्रांतली मंडळी (तिथला ख्रिस्ती समुदाय) मात्र इतकी विस्कळीत आहे की सभेत एका वेळी एकानेच बोलावं हेही पौलाला शिकवावं लागतं. नेमलेले अधिकारी आणि नोंदलेल्या याद्या ही पुढच्या पिढीची व्यवस्था वाटते. शब्दसंग्रहही बदललेला आहे.

मार्काचं शुभवर्तमान साधारण इ.स. ७० चं, कारण त्याच्या तेराव्या अध्यायावर यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाची दाट छाया आहे आणि रोमन सेनापती तीतसच्या सैन्याने ते मंदिर ७० साली उद्ध्वस्त केलं. मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या दरम्यान आणि योहान शतकाच्या अखेरीस, असा बहुमताचा अंदाज आहे. 'प्रेषितांची कृत्ये' हे येशूनंतरच्या पहिल्या शिष्यांची हकीकत सांगणारं पुस्तक लूकच्याच लेखकाचं. काही जण ते दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पुढे नेतात.

हे सगळं वहीत एका उभ्या रेषेवर मांडा. एक गोष्ट लगेच जाणवेल: येशूच्या मृत्यूनंतरची पहिली वीस वर्षं रेषेवर कोरी आहेत. पुढचा सगळा खटाटोप त्या कोऱ्या जागेसाठी आहे.

पायरी २: आपण वाचतोय तो पाठ मुळातला आहे का?

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा देशभरातल्या पोथ्या जमवून ओळीओळीचे पाठभेद ताडून पाहिले. नव्या कराराची पाठचिकित्सा याच जातीची आहे. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त, पण त्यातली बहुतेक मध्ययुगातली. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात योहानाच्या अठराव्या अध्यायाचा तळहातापेक्षा लहान असा पपायरसचा तुकडा आहे. तो बरीच वर्षं इ.स. १२५ चा म्हणून सांगितला जात असे. पण ही तारीख केवळ अक्षराच्या वळणावरून काढलेली आहे आणि तशी पद्धत वर्षाला बोट ठेवू शकत नाही. आता जाणकार अभ्यासक दुसरं शतक, कदाचित तिसऱ्याचा आरंभ, इतकी सैल कक्षा देतात. ही सैलपणाची सवय आपणही लावून घ्यावी.

पाठभेद प्रत्यक्ष कसा सोडवतात ते पाहा. मार्क १:४१ मध्ये (पहिला अध्याय, एकेचाळिसावी ओवी) एक कोढी येशूपुढे गुडघे टेकतो. बहुतेक हस्तलिखितांत पुढे येशूला 'कळवळा आला' असं आहे. केंब्रिजमधल्या कोडेक्स बेझे या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत मात्र तो 'रागावला' असं आहे. नकलनवीस कोणता शब्द काढून कोणता घालेल? रागाच्या जागी कळवळा घालण्याचा मोह समजतो. उलट दिशेने कोणी का जाईल, हे सांगणं कठीण. म्हणून अभ्यासकांचा दंडक असा की अवघड पाठ जुना असण्याची शक्यता जास्त. पुढचा पुरावा आणखी बोलका आहे: मत्तय आणि लूक हीच गोष्ट जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात, पण दोघांकडेही ना राग आहे ना कळवळा. समोर 'कळवळा' असता तर दोघांनीही तो वगळण्याचं काय कारण? तरीही 'रागावला' हा पाठ देणारी हस्तलिखितं इतकी थोडी आहेत की वाद मिटलेला नाही. मला स्वतःला राग हाच मूळ पाठ वाटतो.

मार्काचा शेवट ही दुसरी जागा. चौथ्या शतकातली सिनायटिकस आणि वॅटिकॅनस ही दोन मोठी हस्तलिखितं १६:८ वर थांबतात: स्त्रिया कबरीपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या बारा ओव्या नंतरची भर आहे, यावर जवळपास एकमत आहे.

पायरी ३: कोणी कोणाचं पुढे ठेवून लिहिलं?

मत्तय, मार्क आणि लूक तीन उभ्या स्तंभांत शेजारी मांडा. तिघांत सारखं ते एका रंगाने, दोघांत सारखं ते दुसऱ्याने रंगवा. ऐकीव आठवणींत प्रसंग सारखे येतात, पण वाक्यंच्या वाक्यं तशीच्या तशी येत नाहीत. मार्क १३:१४ मध्ये येशूचं भाषण चालू असताना लेखक मध्येच म्हणतो, 'वाचकाने हे ध्यानात घ्यावं.' बोलणाऱ्यासमोर वाचक नसतो, म्हणजे हा कंस लेखकाचा. तोच कंस मत्तय २४:१५ मध्ये त्याच जागी आहे. मत्तयाच्या समोर लिहिलेला मजकूर होता, याचा याहून सरळ दाखला मला माहीत नाही.

बहुसंख्य अभ्यासक मार्क आधीचा मानतात. मत्तय आणि लूक यांच्यात सारखा, पण मार्कात नसलेला मजकूर (बहुतेक वचनं) कुठून आला, यावर दोन मतं आहेत. एक गट आता हरवलेल्या एका वचनसंग्रहाची कल्पना करतो आणि त्याला 'क्यू' म्हणतो. दुसरा म्हणतो, लूकसमोर मत्तयच होता. 'क्यू'ची एकही प्रत सापडलेली नाही, हे कधी विसरू नये.

या पायरीवर करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे, येशूच्या बाप्तिस्म्याचा. चारही शुभवर्तमानं क्रमाने वाचा. मार्क सांगतो की योहान (शुभवर्तमानाचा लेखक नव्हे, बाप्तिस्मा देणारा उपदेशक) पापक्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता आणि येशूने त्याच्याकडून तो घेतला. खुलासा काही नाही. मत्तयात योहान येशूला अडवतो: मीच आपल्याकडून बाप्तिस्मा घ्यायचा, तर आपण माझ्याकडे कसे? लूक आधी गालीलचा शासक हेरोद याने योहानाला तुरुंगात टाकल्याचं सांगून मोकळा होतो आणि मगच येशूचा बाप्तिस्मा 'झाल्यावर' काय घडलं ते सांगतो. कोणी दिला हे वाक्यात येतच नाही. चौथ्या शुभवर्तमानात योहान आत्मा उतरताना पाहतो, साक्ष देतो, पण बाप्तिस्म्याची घटनाच नाही. पापरहित मानलेल्या प्रभूने पापक्षमेचा विधी दुसऱ्याकडून घ्यावा, ही अडचण प्रत्येक लेखक आपापल्या परीने हाताळतो आहे. एवढी अडचणीची गोष्ट मंडळीने स्वतःहून रचली असण्याचा संभव फार कमी, म्हणून येशूच्या चरित्रातल्या सर्वांत भक्कम घटनांत तिची गणना होते.

याला संकोचाचा निकष म्हणतात. अनेक स्वतंत्र साधनांत तीच गोष्ट असणं हा दुसरा निकष. अलीकडे या निकषांवर बरीच टीका झाली आहे आणि ती मला रास्त वाटते. मार्काला स्वतःला संकोच वाटलेला दिसत नाही. मग संकोच कोणाचा मोजायचा? निकष यंत्रासारखा फिरवू नका. वरच्यासारखी चार टप्प्यांची हालचाल दिसली, तरच त्यावर भर द्या.

पायरी ४: जो स्वतः तिथे होता त्याचं आधी ऐका

सगळ्या मार्गातली ही सर्वांत मोलाची पायरी. गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय सावकाश वाचा. पौल रागात आहे, स्वतःची बाजू मांडतो आहे आणि त्या भरात तो आपल्याला कोऱ्या वर्षांतली दुर्मीळ माहिती देतो. उठलेला ख्रिस्त आपल्याला दिसला असं तो सांगतो. त्या साक्षात्कारानंतर तो यरुशलेमला गेला नाही, अरबस्तानात गेला, मग दिमिष्काला (दमास्कसला) परतला. तीन वर्षांनी केफाला (म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला) भेटायला यरुशलेमला गेला आणि त्याच्याकडे पंधरा दिवस राहिला. प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा प्रेषित त्याला दिसला नाही. आणि मग देवासमक्ष शपथ: मी खोटं लिहीत नाही. येशूच्या भावाला स्वतः भेटलेला माणूस स्वतःच्या शब्दांत बोलतो आहे.

आता 'प्रेषितांची कृत्ये' ९ उघडा. तिथे अरबस्तान नाही. पौल दिमिष्कातून निसटून यरुशलेमला येतो, बर्णबा नावाचा सहकारी त्याला प्रेषितांकडे नेतो आणि तो त्यांच्यात मोकळेपणाने वावरतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. अशा वेळी पत्राला झुकतं माप द्यायचं. पण पौल वकिली करतो आहे, हेही ध्यानात ठेवायचं. प्रेषितांपासून आपण स्वतंत्र आहोत हे सिद्ध करण्यात त्याचा स्वार्थ आहे.

आता तारखा. पौल एकही साल देत नाही. मदतीला येतो एक दगड. ग्रीसमधल्या डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखाच्या तुकड्यांत सम्राट क्लॉडियसचं पत्र आहे. त्यात 'माझा मित्र आणि प्रोकॉन्सल' (प्रांताचा राज्यपाल) म्हणून गल्लियोचं नाव येतं. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. 'कृत्ये' १८ नुसार करिंथमध्ये पौलाला याच गल्लियोपुढे उभं केलं गेलं. शिलालेखात क्लॉडियसच्या २६ व्या विजयघोषाचा (विजयानंतर सम्राटाचा होणारा, क्रमाने मोजला जाणारा जयजयकार) उल्लेख आहे. रोमच्या एका जलसेतूवरच्या लेखात २७ वा विजयघोष आहे आणि त्या सेतूचं लोकार्पण १ ऑगस्ट ५२ ला झालं. म्हणजे पत्र त्याआधीचं. प्रोकॉन्सलची मुदत साधारण एक वर्षाची, तेव्हा गल्लियो करिंथला होता तो बहुधा ५१-५२ मध्ये.

इथून मागे मोजत जा. करिंथमध्ये पौल दीड वर्ष होता, म्हणजे पोचला ५० च्या सुमारास. त्याआधी मासेदोनियाचा प्रवास, त्याआधी यरुशलेममधली पौलाची तिथल्या प्रेषितांबरोबरची बैठक: ४८-४९. गलती २:१ म्हणतं, ही बैठक 'चौदा वर्षांनंतर' झाली. कशापासून चौदा, साक्षात्कारापासून की पहिल्या भेटीपासून? दुसरा अर्थ घेतला तर आधीची तीन मिळवून सतरा. त्या काळी अपुरं वर्षही पूर्ण मोजत, तेही धरा. सगळं मिळून पौलाचा साक्षात्कार इ.स. ३२ ते ३६ मध्ये पडतो. पडताळ्याला आणखी एक नाव आहे: करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने दिमिष्कात पहारा ठेवला होता आणि आपल्याला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. हा नबाती राजा इ.स. ४० च्या सुमारास वारला. गणित जुळतं.

म्हणून करिंथकरांस पहिलं पत्र १५:३ ला एवढं वजन आहे. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. आणि मग तालबद्ध, पाठ केल्यासारखा मजकूर येतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बारा जणांना. ही कबुली पत्राच्या आधीची. कदाचित त्या पंधरा दिवसांत मिळालेली, पण ते सिद्ध करता येत नाही.

त्याच पत्राचा अकरावा अध्यायही वगळू नका. प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या जेवणाला) कोणी आधीच खाऊन घेतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र असतो, अशी पौलाची तक्रार आहे. ज्यांच्या हाती वेळ आणि पैसा होता ते लवकर जमत आणि राबणारे, दास उशिरा येत, असा त्यातून तर्क करतात. मंडळीत दोन्ही थर होते आणि ती कोणाच्या तरी घरात जमत होती. सामाजिक इतिहास अशाच तक्रारींतून मिळतो.

पायरी ५: बाहेरच्यांची साक्ष

इथे साधनं थोडी आणि उशिराची आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस सुमारे ११६ साली लिहितो की 'ख्रिस्त' याला तिबेरियसच्या काळात पंतय पिलाताने देहदंड दिला आणि नीरोने आगीचा आळ त्याच्या अनुयायांवर घातला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांची किळस आहे, म्हणून हा उतारा कोणी भाविकाने घुसडला असेल असं वाटत नाही. धाकटा प्लिनी हा रोमन राज्यपाल ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या प्रांतातून सम्राट ट्रेजनला पत्र पाठवतो: हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. दोन दासींचा छळ करून त्याने माहिती काढली. त्या दोघी मंडळीतल्या सेविका होत्या.

यहुदी इतिहासकार जोसेफसच्या ९३-९४ च्या ग्रंथात येशूवर एक छोटा उतारा आहे आणि त्यात चक्क 'तो ख्रिस्त होता' असं वाक्य आहे. पण तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक ओरिगेन स्पष्ट सांगतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या अवतरणात मात्र ते वाक्य आहे. मूळ उताऱ्यात मधल्या काळात भर पडली, असं बहुतेकांचं मत आहे. त्याच ग्रंथात पुढे 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडांनी मारल्याची नोंद आहे. ती बहुतेक जण अस्सल मानतात आणि गलतीकरांस पत्रातला याकोब इथे दुसऱ्या बाजूने भेटतो.

पायरी ६: दगड आणि हाडं

१९६१ मध्ये कैसरियाच्या रंगमंदिरात पायरी म्हणून पुन्हा वापरलेला एक दगड निघाला. त्यावर पिलाताचं नाव आणि 'प्रिफेक्ट' हे पद आहे. टॅसिटस त्याला 'प्रोक्युरेटर' म्हणतो, म्हणजे आपल्या काळातलं पद तो मागे लावतो. १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या कबरीत येहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेचं हाड मिळालं, आरपार लोखंडी खिळा असलेलं. वधस्तंभावर मेलेल्यालाही कधी कधी कबर मिळत असे, एवढं त्यातून कळतं. ते येशूबद्दल काही सिद्ध करत नाही. निर्विवाद ख्रिस्ती म्हणता येईल अशी पहिल्या शतकातली वास्तू अजून सापडलेली नाही. सीरियातल्या दुरा-युरोपोसचं चित्रांनी सजवलेलं घर-मंदिर तिसऱ्या शतकातलं आहे.

वस्तू कुठून आली हे कळत नसेल तर तिच्यावर मत बनवूच नका. २०१२ मध्ये 'माझी पत्नी' असे येशूचे शब्द असलेला कॉप्टिक (जुन्या इजिप्तच्या भाषेतला) तुकडा जगभर गाजला. पपायरस जुना होता, पण मजकूर थोमाच्या शुभवर्तमानाच्या (नव्या करारात नसलेला एक जुना ग्रंथ) इंटरनेटवरच्या प्रतीवरून उचललेला निघाला, तिथल्या एका चुकीसकट. २०१६ मध्ये मालकाचा माग लागल्यावर तो जाहीर करणाऱ्या प्राध्यापिकेनेही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं.

पायरी ७: यहुदी चौकट सोडू नका

येशू, पेत्र, याकोब, पौल हे सगळे यहुदी होते. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत मिळालेल्या गुंडाळ्यांनी त्या काळच्या यहुदी धर्मात किती पंथ आणि किती मशीहांच्या (देवाने पाठवायच्या तारणाऱ्यांच्या) आशा होत्या, हे दाखवलं. 'यहुदी म्हणजे कोरडं कर्मकांड, ख्रिस्ती म्हणजे प्रेम' ही जुनी मांडणी त्यानंतर टिकत नाही. एखादा लेखक अजून ती वापरत असेल, तर त्याचं पुस्तक बाजूला ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतातली एक कसोटी

केरळचे ख्रिस्ती सांगतात की प्रेषित थोमा इ.स. ५२ मध्ये तिथे उतरला. वरच्या पायऱ्या लावून पाहू. सर्वांत जुनं सविस्तर साधन म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभीचं सीरियाक 'थोमाची कृत्ये'. त्यात थोमा सुतार म्हणून गुदनफर राजाकडे येतो, महालासाठी मिळालेले पैसे गोरगरिबांना वाटतो आणि तुझा महाल स्वर्गात उभा आहे म्हणतो. हा राजा कल्पित वाटत होता, पण एकोणिसाव्या शतकात गोंडोफेरस या नावाच्या राजाची नाणी मिळाली. आजच्या पाकिस्तानातल्या तख्त-ए-बाहीच्या शिलालेखात त्याच्या कारकिर्दीचं २६ वं वर्ष आणि १०३ साल आहे. विक्रम संवताने ते इ.स. ४६ च्या आसपास येतं. म्हणजे लेखकाला खरा राजा आणि साधारण खरा काळ माहीत होता. थोमा आला होता हे यातून सिद्ध होत नाही, आणि हा राजा वायव्येचा आहे, केरळचा नाही. कॉस्मस हा व्यापारी सहाव्या शतकात 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ते आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. पण सहाव्या शतकाची साक्ष पहिल्या शतकासाठी चालत नाही.

सुरुवात कशी करायची

दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा. त्यातलं एक पंडिता रमाबाईंचं असावं, कारण त्यांनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून काम केलं. भाषांतरं जिथे वेगळी होतात तिथे खूण करा. बहुतेकदा खाली पाठभेद किंवा अर्थाचा वाद असतो. कोडेक्स सिनायटिकस इंटरनेटवर मोफत पाहता येतं. आधी गलतीकरांस, मग करिंथकरांस पहिलं, मग मार्क एका बैठकीत, आणि 'कृत्ये' सर्वांत शेवटी. वहीत तीन रकाने करा: पौल काय म्हणतो, 'कृत्ये' काय म्हणतं, बाहेर काय मिळतं.

पहिला सराव गलती २:११ वर करा. अंत्युखियात (सीरियातल्या अँटिऑक शहरात) केफा परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो मागे सरला आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. 'कृत्ये' १५ मध्ये अंत्युखियात पौलाचं भांडण होतं ते बर्णबाशी, सोबत मार्क म्हटलेल्या योहानाला घ्यायचं की नाही यावरून. केफाशी झालेल्या वादाचा तिथे उल्लेखही नाही. दुसरा रकाना रिकामा का राहिला, याची जितकी कारणं सुचतील तितकी त्याच्यासमोर लिहून काढा आणि मग प्रत्येकाला पुरावा कोणता, ते शोधा.